ओपनस्टॅकचे पॅच आपल्याकडेच ठेवायचे की अपस्ट्रीमला पाठवायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कंपनीत ओपनस्टॅकवर, म्हणजे स्वतःचा क्लाउड उभारायच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर, प्रायव्हेट क्लाउड चालतो, चार-पाच वर्षांत नोव्हा (व्हीएम म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा भाग) आणि न्यूट्रॉनमध्ये (नेटवर्कचा भाग) मिळून चाळीसेक पॅच, म्हणजे कोडमधले आपले बदल, टीमने स्वतःच मारून ठेवलेत, आता अपग्रेड आलं की दोन-दोन महिने त्यातच जातात. मॅनेजर म्हणतात अपस्ट्रीमला, म्हणजे ओपनस्टॅकच्या मूळ प्रोजेक्टला, पाठवायला वेळ कुणाला आहे, आणि एकदा पाठवला होता तर तिकडच्यांनी सहा वेळा परत पाठवला. तर पाठवावेत का, आणि ते लोक इतके कडक का वागतात?

पाठवा. चाळीसच्या चाळीस नाही, पण बरेचसे. आणि कडकपणाचं म्हणाल तर त्याच्या मुळाशी तुम्हाला ज्याचा त्रास होतोय तीच गोष्ट आहे, अपग्रेड. मी दहा-बारा वर्षं याच कामात आहे, आधी क्लाउड चालवणाऱ्यांच्या बाजूला होतो, आता कोड लिहिणं आणि इतरांचा कोड रिव्ह्यू करणं हेच दिवसभर चालतं, त्यामुळे दोन्हीकडचं जरा सविस्तर सांगतो.

आधी एक अनुभव. एका कंपनीचा क्लाउड अपग्रेड करायला आम्ही गेलो होतो, कंपनीचं नाव नको. त्यांच्या टीमने फार पूर्वी नोव्हाच्या इन्स्टन्सेस टेबलमध्ये एक कॉलम वाढवला होता, कुठल्या डिपार्टमेंटचं व्हीएम आहे ते बिलिंगला कळावं म्हणून. कॉलम वाढवायचा तर मायग्रेशनची, म्हणजे डेटाबेसची रचना बदलणारी, फाइल लागते, तेव्हा नोव्हात त्या फाइलींना ओळीने नंबर असायचे आणि डेटाबेसमध्ये एका छोट्या टेबलात फक्त एवढंच लिहिलेलं असायचं की आपण कितव्या नंबरपर्यंत आलोय. त्यांनी पुढचा मोकळा नंबर घेतला, समजा ३९०. काम झालं, सगळे खूश. पुढे अपस्ट्रीमनेही आपल्या नव्या मायग्रेशनला ३९० च नंबर दिला, त्यांना काय माहीत इथे कुणी तो वापरून बसलंय. अपग्रेडसाठी कोड मर्ज करताना एका नंबरच्या दोन फाइली झाल्या म्हणून कुणीतरी आपली फाइल काढून टाकली, कॉलम तर टेबलात आहेच मग फाइल कशाला, आणि वरवर पाहिलं तर हा विचार बरोबरच वाटतो. पण डेटाबेस म्हणतोय मी ३९० वर आहे. त्यामुळे अपस्ट्रीमची ३९० कधी चाललीच नाही, सिंक, म्हणजे या फाइली ओळीने चालवणारी कमांड, थेट ३९१ पासून सुरू झालं, कुठे एरर नाही, वॉर्निंग नाही, सगळं हिरवं. रात्री दीडला सर्व्हिसेस वर आणल्या आणि सर्व्हर लिस्ट मारली की एचटीटीपी ५०० ची एरर, लॉगमध्ये अननोन कॉलम. चालू असलेली व्हीएम चालूच होती, केव्हीएमची, म्हणजे व्हीएम प्रत्यक्ष चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, प्रोसेस एकदा उठली की एपीआय पडलं म्हणून ती पडत नाही, पण नवीन व्हीएम बनत नव्हतं, जुनं दिसत नव्हतं, आणि सकाळी नऊला लोक कामाला येणार. शेवटी एका रिकाम्या मशीनवर कोरा डेटाबेस बनवला, त्यावर अपस्ट्रीमचं सिंक चालवलं, दोन्हीकडचा स्कीमा, म्हणजे टेबलांची रचना, उतरवून घेऊन डिफ म्हणजे फरक काढला तेव्हा पावणेचारला कळलं की एक कॉलम आणि एक इंडेक्स गायब आहे. हाताने टाकला, सुटलो.

हे इतकं लांबवून सांगितलं कारण चूक कुणा एकाची नव्हती. कॉलम वाढवणारा हुशार होता, फाइल काढणाराही काही वेडा नव्हता. पण दोन वर्षांचं अंतर, मधे माणसं बदललेली, आणि हा पॅच का आहे हे कुठेच लिहिलेलं नाही. नोव्हा आता अलेंबिक नावाच्या मायग्रेशनच्या टूलवर गेलंय, झेना रिलीजपासून म्हणजे २०२१ पासून, तिथे नंबरांऐवजी प्रत्येक मायग्रेशन आधीच्या मायग्रेशनला बांधलेलं असतं त्यामुळे असं गुपचूप काही सुटत नाही, दोन फाटे फुटलेत म्हणून ते मोठ्याने ओरडतं. पण फाटा फुटतोच, आणि तो जोडायचं काम दर रिलीजला तुमच्याच गळ्यात. म्हणून तुमच्या चाळीस पॅचमध्ये डेटाबेसला हात लावणारे किती आहेत ते आजच्या आज मोजा, बाकीचं नंतर.

दुसरी गोष्ट सिक्युरिटी. जुलै २०२४ मध्ये सीव्हीई-२०२४-३२४९८ आली, सीव्हीई म्हणजे सिक्युरिटीच्या भोकाला दिलेला जाहीर नंबर. क्यूकाऊ२ फॉरमॅटच्या डिस्क इमेजमध्ये अशी सोय असते की खरा डेटा दुसऱ्या फाइलीत आहे असं हेडरमध्ये लिहिता येतं. कुणी मुद्दाम अशी इमेज बनवून अपलोड केली आणि त्यात होस्टवरच्या एखाद्या फाइलीचा पाथ घातला, तर सर्व्हर ती फाइल वाचून त्या माणसाला देऊन टाकणार. सिंडर (डिस्क सांभाळणारा भाग), ग्लान्स (इमेज सांभाळणारा भाग), नोव्हा तिन्हीकडे भोक. फिक्स आला, पण नोव्हाचा तो फिक्स अपुरा आहे हे लवकरच लक्षात आलं आणि सीव्हीई-२०२४-४०७६७ म्हणून दुसरा फिक्स आला. आता विचार करा, इमेज हाताळायच्या त्याच कोडमध्ये तुमचे तीन पॅच बसलेले आहेत. ज्यांचा कोड अपस्ट्रीमसारखा होता त्यांनी डिस्ट्रोचं पॅकेज अपडेट केलं आणि ते जेवायला गेले. ज्यांचा नव्हता ते कॉन्फ्लिक्ट, म्हणजे फिक्स आणि आपला पॅच एकाच ओळीवर आदळतात ते, सोडवत बसले, आणि सिक्युरिटीच्या फिक्समधला कॉन्फ्लिक्ट घाईघाईत चुकीचा सोडवला तर भोक तसंच राहतं आणि आपण समजतो बुजलं. असा चुकीचा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट मी स्वतः पाहिलाय. टेस्ट पास होत होत्या, चेक मात्र कॉलच होत नव्हता.

आता मेंटेनर, म्हणजे अपस्ट्रीमचा कोड सांभाळणारे लोक, कडक का. ओपनस्टॅक जुलै २०१० मध्ये रॅकस्पेस आणि नासा यांनी मिळून जाहीर केलं, नासाच्या नेब्युला प्रोजेक्टमधून नोव्हा आलं, रॅकस्पेसकडून फाइली साठवणारं स्विफ्ट, आणि ऑक्टोबर २०१० ला ऑस्टिन नावाचं पहिलं रिलीज. तेव्हापासून एबीसीडीच्या क्रमाने नावं, साधारण दर सहा महिन्यांना एक, झेडपर्यंत पोचल्यावर २०२३ पासून वर्षाचा आकडा पुढे लावायला लागले, २०२३.१ अँटिलोप असं. सुरुवातीच्या काळात अपग्रेड म्हणजे नाकी नऊ यायचे, बरेच जण अपग्रेड करायचेच नाहीत, शेजारी नवा क्लाउड उभारून व्हीएम एकेक करून हलवायचे. आज जे लोक कोर रिव्ह्यूअर आहेत, म्हणजे ज्यांना पॅच मंजूर करायचा अधिकार आहे, त्यातल्या अनेकांनी ते दिवस काढलेत. त्यामुळे तुमचा पॅच समोर आला की त्यांच्या डोक्यात पहिला प्रश्न हा नसतो की हे चालतं का. पहिला प्रश्न असतो, ज्याच्याकडे तीनशे कॉम्प्युट नोड (व्हीएम ज्यांवर चालतात ती मशीन्स) आहेत, ज्याने आज फक्त कंट्रोलर (क्लाउडचं नियंत्रण करणारी मशीन्स) अपग्रेड केलेत आणि नोड पुढच्या दोन आठवड्यांत हळूहळू करणार आहे, त्याचं या पॅचने काय होईल.

एक उदाहरण जवळून बघा. नोव्हात कंडक्टर (डेटाबेसशी बोलणारी सर्व्हिस) आणि कॉम्प्युट (नोडवरची सर्व्हिस) एकमेकांना जी माहिती पाठवतात ती व्हर्जन असलेल्या ऑब्जेक्टमधून जाते. तुम्ही इन्स्टन्स ऑब्जेक्टमध्ये एक फील्ड वाढवलं, साधी एक ओळ. युनिट टेस्ट चालवल्या की टेस्ट ऑब्जेक्ट्स नावाच्या फाइलीत एक टेस्ट पडते. तिथे प्रत्येक ऑब्जेक्टसमोर त्याची व्हर्जन आणि एक हॅश, म्हणजे फील्डांवरून काढलेला ठसा, लिहिलेला असतो, फील्ड बदललं की हॅश बदलतो, आणि तुम्ही व्हर्जन वाढवली नसेल तर तिथेच अडता. नवीन माणूस काय करतो, नवा हॅश कॉपी करून तिथे पेस्ट करतो, टेस्ट हिरवी. रिव्ह्यूअर लगेच मायनस वन, म्हणजे नापसंतीचं मत, देतो. कारण त्या टेस्टला सांगायचं वेगळंच असतं, व्हर्जन एकने वाढवा आणि मेक कंपॅटिबल नावाच्या मेथडमध्ये लिहा की समोरचा जुना असेल तर हे फील्ड काढून पाठवायचं. कारण समोर मागच्या रिलीजचा नोड असू शकतो, त्याला हे फील्ड माहीत नाही. तुमचा पॅच सहा वेळा परत आला त्यातल्या निदान दोन-तीन वेळा तरी असंच काहीतरी असणार, आणि प्रत्येक वेळी त्यांनी तुमच्यासारख्याच कुणाची तरी रात्र वाचवली.

अपग्रेड तपासायला ग्रेनेड नावाचा वेगळा जॉबच आहे, तो आधी जुनं रिलीज इन्स्टॉल करतो, त्यावर व्हीएम वगैरे बनवतो, मग तुमच्या पॅचसकट नवीन चढवतो आणि आधीचं सगळं जागेवर आहे का बघतो. तो पडला तर पॅच जात नाही, कुणी कितीही मोठा असो. २०२३.१ पासून तर वर्षातून एकदाच, एक रिलीज सोडून थेट पुढच्यावर जाता येतं, स्लर्प म्हणतात त्याला, वर्षातलं पहिलं रिलीज ते स्लर्प. तुमच्यासारख्यांसाठीच ती सोय केली आहे, दर सहा महिन्यांचा जाच नको म्हणून. पण ती तेव्हाच उपयोगी जेव्हा तुमचा कोड त्यांच्या कोडसारखा असतो.

आता चाळीस पॅचचं काय करायचं. मी असं काम हातात घेतो तेव्हा प्रत्येक पॅचवर एकच प्रश्न विचारतो, हा नसता तर काय बिघडलं असतं. मजा अशी की बऱ्याच पॅचचं उत्तर कुणालाच देता येत नाही, आणि त्यातले काही तर अपस्ट्रीमने आधीच वेगळ्या पद्धतीने सोडवलेले असतात, ते सरळ काढून टाकायचे. ज्याचं उत्तर अमुक बग आहे असं येतं ते सगळे अपस्ट्रीमला जायला पाहिजेत, यात चर्चाच नको. ज्याचं उत्तर आमच्या कंपनीची पद्धतच तशी आहे असं येतं, तिथे आधी बघायचं की हे कोडला हात न लावता होतं का. उदाहरणार्थ लोक शेड्युलरमध्ये घुसून बदल करतात, या टीमचे व्हीएम याच रॅकवर जावेत वगैरे, त्याला पॅचची गरजच नाही, स्वतःचा फिल्टर वेगळ्या पायथन पॅकेजमध्ये लिहायचा आणि कॉन्फिगमध्ये अव्हेलेबल फिल्टर्स आणि एनेबल्ड फिल्टर्समध्ये त्याचं नाव घालायचं. तसंच व्हीएमच्या आत कंपनीची काही माहिती पोचवायची असेल तर व्हेंडरडेटा आहे, डायनॅमिक प्रकारात नोव्हा तुमच्या स्वतःच्या छोट्या सर्व्हिसला विचारतं आणि उत्तर मेटाडेटात घालतं. आणि बिलिंगसाठी डिपार्टमेंटचा कॉलम, ज्याने आमची रात्र गेली, तो तर नुसत्या मेटाडेटात किंवा टॅगमध्ये बसला असता. असं करत गेलं की चाळीसाचे सात-आठ उरतात. हे सात-आठ म्हणजे खरोखरचं नवं फीचर, आणि फीचर असेल तर आधी कोड पाठवू नका, आधी स्पेक लिहा, म्हणजे काय हवंय, कशासाठी, अपग्रेडचं काय, एपीआयवर काय परिणाम, आणि तो स्पेक पास झाल्यावर कोड. प्रत्येक सायकलमध्ये स्पेकला एक तारीख असते, ती गेली की पुढची सायकल, म्हणजे सहा महिने. तुमच्या मॅनेजरांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर दोन महिन्यांत झालं पाहिजे असं कुठेतरी कबूल करून बसतील.

प्रत्यक्ष पाठवताना काही गोष्टी. इथे गिटहबसारखी पुल रिक्वेस्ट नाही, गेरिट नावाची रिव्ह्यूची साइट आहे, गिट रिव्ह्यू नावाच्या टूलने पॅच जातो. दुरुस्ती सांगितली तर नवीन कमिट करायचा नाही, तोच कमिट अमेंड करायचा, खालची चेंज आयडीची ओळ तशीच ठेवायची, ती बदलली की गेरिटला वाटतं हा वेगळाच पॅच आहे आणि झालेली सगळी चर्चा मागे राहते. पूर्वी कंपनीकडून लायसन्सचा करार करावा लागायचा आणि लीगल डिपार्टमेंटमध्ये ते भिजत घोंगडं पडायचं, २०२५ पासून ते गेलं, आता कमिटमध्ये साइन्ड ऑफ बायची ओळ पुरते. तरी कंपनीची परवानगी लेखी घ्याच, ते तुमच्याच हिताचं आहे.

कमिट मेसेजवर वेळ घाला, खरंच सांगतो. काय बदललं ते डिफमध्ये दिसतंच, का बदललं ते लिहा. कुठल्या परिस्थितीत बग येतो, लॉगमध्ये काय दिसतं, तुमच्याकडे किती नोड होते तेव्हा आला. रिव्ह्यूअरला तुमचा क्लाउड दिसत नाही, त्याला तो या पाच-सहा ओळींतूनच दिसणार आहे. आणि बगचा पॅच असेल तर टेस्ट आधी लिहा, जी बग असताना पडते आणि फिक्सनंतर पास होते. नोव्हात तर अनेकदा टेस्टचा पॅच वेगळा आधी आणि फिक्सचा त्यावर असे दोन लागोपाठ पाठवतात, अशा पॅचचा रिव्ह्यू लवकर होतो कारण बघणाऱ्याला बग खरा आहे हे वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

मग झूल येतं. झूल म्हणजे याच प्रोजेक्टसाठी तयार झालेली सीआय, म्हणजे टेस्ट आपोआप चालवणारी सिस्टिम, तुमचा पॅच गेला की ती चेकचे जॉब चालवते, आणि दोन कोर रिव्ह्यूअरनी प्लस टू म्हणजे मंजुरी दिली, वर्कफ्लो प्लस वन म्हणजे मर्ज करायला हरकत नाही असं दिलं की गेटमध्ये, म्हणजे मर्जच्या आधीच्या रांगेत, पुन्हा सगळं चालवते, तेही तुमच्या पुढे रांगेत असलेले पॅच आधीच मर्ज झालेत असं धरून. रांगेतला पुढचा पडला तर मागच्यांचे जॉब त्याला वगळून पुन्हा सुरू. म्हणून जॉब पडला की लगेच रीचेक, म्हणजे जॉब पुन्हा चालवा अशी कमेंट, लिहू नका. लॉग उघडा, तुमच्यामुळे पडला का दुसऱ्या कशामुळे ते शोधा आणि रीचेकच्या पुढे ते कारण लिहा. ही मशीन्स क्लाउड कंपन्यांनी दान दिलेली आहेत, विनाकारण रीचेक म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी पॅचची रांग लांबते. जो माणूस पडलेल्या जॉबचा लॉग वाचून, हा अमुक बग आहे, लाँचपॅडवर (बग नोंदवायच्या साइटवर) नोंदवलाय असं लिहितो ना, त्याचं नाव लोकांच्या लक्षात राहतं, हे मी किती वेळा पाहिलंय.

पॅच मास्टरमध्ये, म्हणजे पुढच्या रिलीजच्या कोडमध्ये, गेला म्हणजे तुमच्या क्लाउडमध्ये आला असं नाही, तुम्ही जुन्या रिलीजवर आहात. तिथे बॅकपोर्ट करायचा, म्हणजे तोच फिक्स जुन्या रिलीजवर न्यायचा, पण क्रम पाळायचा, आधी सगळ्यात नवी स्टेबल ब्रँच (आधीच आलेल्या रिलीजची कोडची शाखा), मग त्याच्या मागची, असं एकेक पायरी खाली. मधली पायरी गाळली तर जो कुणी जुन्यावरून मधल्यावर जाईल त्याला बरा झालेला बग पुन्हा होईल. आणि स्टेबलमध्ये फीचर जात नाही, कितीही छोटं असलं तरी, तिथे भांडण्यात अर्थ नाही.

मेंटेनरांबद्दल अजून एक सांगतो कारण ते मला मनापासून लागतं. हे लोक संख्येने कमी आहेत. एक काळ होता जेव्हा मोठमोठ्या कंपन्यांनी ढिगाने माणसं लावली होती, नंतर अनेकांनी हात आखडता घेतला, आणि काम मात्र तेवढंच राहिलं. २०२० मध्ये उसुरी रिलीजला पायथन २ चा सपोर्ट काढला, त्याआधी कितीतरी सायकली लोक फक्त तेच करत होते, बाहेरून बघणाऱ्याला एकही नवीन गोष्ट दिसली नाही. आता इव्हेंटलेट काढायचं चाललंय. बहुतेक सर्व्हिसेस याच लायब्ररीवर उभ्या आहेत, ती पायथनची मूळ लायब्ररी आतून बदलून थ्रेडऐवजी आपले हलके ग्रीनथ्रेड चालवते, आणि नव्या पायथनबरोबर तिला जगवत ठेवणं दिवसेंदिवस कठीण होत गेलं. ती काढायची म्हणजे दहा-बारा वर्षांचा कोड एकेक करून तपासायचा, कुठे लॉक लागत नव्हतं कारण ग्रीनथ्रेड मधेच तुटत नाही असं धरलं होतं, आता खरे थ्रेड आल्यावर तिथे लॉक लागणार. हे काम कुणाच्या रिलीजच्या जाहिरातीत येत नाही. आणि माणसं मिळाली नाहीत तर काय होतं तेही बघितलंय, मुरानो आणि सहारा असे प्रोजेक्ट मेंटेनर नाहीत म्हणून बंद करावे लागले. त्यावर ज्यांनी आपली सिस्टिम बांधली होती त्यांनी कुणाला विचारायचं?

म्हणून मॅनेजरांशी बोलताना वेळ जातो की नाही यावर वाद घालू नका, वेळ जातोच. त्यांना मागच्या दोन अपग्रेडचे तास काढून दाखवा, त्यातले किती फक्त आपले पॅच पुन्हा बसवण्यात गेले तेही काढा. मग एकाच माणसाचा आठवड्यातला एक दिवस मागा. आणि त्या एका दिवसातला निम्मा वेळ इतरांचे पॅच रिव्ह्यू करण्यात घालवा. प्लस वन, मायनस वन द्यायला कोर असावं लागत नाही, कुणीही देऊ शकतं. नुसतं प्लस वन टाकू नका, आमच्या टेस्ट सेटअपवर चालवून बघितला, हे असं झालं, असं दोन ओळी लिहा. प्रत्यक्ष क्लाउड चालवणाऱ्या माणसाच्या त्या दोन ओळींना तिकडे फार किंमत असते, कारण रिव्ह्यूअरकडे डेव्हस्टॅकची, म्हणजे टेस्टसाठी उभारलेल्या छोट्या ओपनस्टॅकची, एक-दोन मशीन्स असतात, खरा लोड नसतो. आयआरसीवर (जुन्या धाटणीचं चॅट), ओएफटीसी नेटवर्कला, बहुतेक प्रोजेक्टच्या मीटिंग होतात, वेळा यूटीसीत असतात, १६ यूटीसी म्हणजे आपले रात्री साडेनऊ. रोज नाही, पण पॅच अडकला असेल त्या आठवड्यात जाऊन बसा आणि नम्रपणे पॅचचा नंबर टाकून विचारा, मी हे अपस्ट्रीमच्या लोकांना त्रास होईल म्हणून टाळायचो आणि माझे पॅच तीन-तीन महिने पडून राहायचे.

सुरुवात कुठून करायची तर चाळीसातला सगळ्यात छोटा बगफिक्स निवडा, ज्याला डेटाबेस नाही, ऑब्जेक्ट नाही, एपीआय नाही. एक रिकामं व्हीएम घ्या, आठ जीबी रॅम तरी असू दे, त्यावर डेव्हस्टॅक लावा, स्वतःच्या लॅपटॉपवर थेट लावू नका, ते सिस्टिममध्ये बरंच काही बदलतं. तिथे आधी तो बग मास्टरवर अजून येतो का बघा. येत नसेल तर कुठल्या कमिटने गेला ते गिटमध्ये शोधा, तो तुमच्या रिलीजवर बॅकपोर्ट झालाय का बघा, आणि झाला असेल तर चाळीसाचे एकोणचाळीस झाले. येत असेल तर लाँचपॅडवर बग नोंदवा, टेस्ट लिहा, रेनो नावाच्या टूलने रिलीज नोट बनवा, आणि गिट रिव्ह्यू मारा. पहिल्या मायनस वनला उत्तर काय द्यायचं ते कळत नसेल तर कमेंट इथे टाका, आपण बघू.